जागेवर घेतलेली छायाचित्रे : पर्यटनमंत्र्यांस अनावृत पत्र

सातारा, आश्विन

माननीय पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांचे सेवेशी,



रस्त्यांविषयी, विश्रामगृहांविषयी, स्वच्छतागृहांच्या दुरवस्थेविषयी आणि तिकिटांच्या दरांविषयी आपल्या खात्याकडे अर्ज-तक्रारींचा ओघ बारमाही चालू असेल आणि त्यांची दाद लावता लावता आपल्या अंमलदारांना उसंत मिळत नसेल, याची मला जाणीव आहे. तरीही जिच्यावाचून आपल्या खात्याचे पान हालत नाही आणि जिच्याविषयी कोणी चार ओळींचा अर्ज केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, अशा एका वस्तूविषयी, म्हणजे पर्यटनाच्या जाहिरातीत छापल्या जाणाऱ्या छायाचित्राविषयी, हे पत्र लिहिण्याचे मी योजिले आहे. माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याचा आहे. साताऱ्यात लहानसा स्टुडिओ चालवून लग्नमुंजींची आणि पासपोर्टची छायाचित्रे काढण्यात माझी छत्तीस वर्षे गेली, आणि त्या छत्तीसही वर्षांत श्रावण सरला की कॅमेरा खांद्याला लावून कासचे पठार गाठण्याचा शिरस्ता मी मोडलेला नाही.

यंदाच्या भाद्रपदातील एका सकाळची हकीकत प्रथम निवेदन करतो. पठारावर दाट धुके उतरले होते, पावसाची भुरभुर चालू होती आणि जांभ्या खडकाच्या ओल्या सड्यावर पाऊल जपून टाकावे लागत होते. रात्रभर एस.टी.चा प्रवास करून बीडकडून आलेले एक कुटुंब माझ्यापाशी येऊन थांबले. आईवडील, आजी आणि नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. वडिलांनी खिशातून घडी केलेले एक रंगीत पत्रक काढले, हाताच्या आडोशाने पावसापासून वाचवीत माझ्यापुढे धरले आणि अगदी सरळ मनाने विचारले, "काका, हे कुठल्या अंगाला आहे हो?" पत्रकावर क्षितिजापर्यंत पसरलेला गुलाबी फुलांचा समुद्र होता, वर निरभ्र निळे आकाश होते, आणि त्या समुद्राच्या मध्यभागी पांढरा झगा घातलेली एक तरुणी हात पसरून उभी होती. ते पत्रक कोणी छापले हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तशी पत्रके छापणारे अनेक आहेत आणि दोष एकाच्या माथी मारून विषय मिटणारा नाही. मी त्या गृहस्थांना इतकेच सांगू शकलो की, ज्या जागेवर तुम्ही उभे आहात तीच ही जागा आहे.

ते छायाचित्र कसे सिद्ध झाले असेल, हे माझ्यासारख्या धंदेवाइकाला पाहताक्षणी कळते. कासची बहुतेक फुले माणसाच्या घोट्याच्या फारशी वर येत नाहीत, आणि कित्येक तर करंगळीच्या नखाएवढी असतात. परंतु रुंद कोनाचे भिंग जमिनीलगत धरून आपण पालथे पडलो, म्हणजे चार हातांचा तेरड्याचा ताटवा आभाळाला टेकतो, आणि लांब पल्ल्याच्या भिंगातून पाहिले, म्हणजे दूरदूर विखुरलेले ताटवे एकमेकांच्या पाठीशी येऊन त्यांचा अखंड गालिचा होतो. या दोन्ही गोष्टी आमच्या कलेच्या मर्यादेत बसतात, आणि त्या मीही केल्या आहेत. परंतु संगणकावर रंग गडद करीत करीत फुलाला जो रंग ईश्वराने दिला नाही तो चढविणे, धुक्याच्या जागी दुसऱ्याच कुठल्या दिवसाचे आकाश आणून बसविणे, आणि जेथे वाट सोडून पाऊल टाकण्यास मनाई आहे तेथे ताटव्याच्या मध्यभागी माणूस उभा करणे, या गोष्टींना कला म्हणण्यास मी तयार नाही. कासच्या कातळावर मातीचा थर कित्येक ठिकाणी चार बोटेसुद्धा नाही. त्या तरुणीला मध्यभागापर्यंत नेताना आणि परत आणताना किती रोपे पायांखाली गेली असतील, आणि ते चित्र पाहून तसेच उभे राहण्याची इच्छा किती जणांना झाली असेल, याचा विचार ते छायाचित्र निवडणाऱ्याच्या मनात आलेला दिसत नाही. ज्या पठारावर साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झाली, २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर ज्याची गणना जागतिक वारशात झाली, आणि जेथे गर्दीला आवर घालण्यासाठी दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घालावी लागली, त्या पठाराच्या जाहिरातीतच ताटव्यात उभे राहण्याचा धडा दिला जावा, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

त्या कुटुंबाची हकीकत अजून पुरी झालेली नाही. आजी एका दगडावर बसल्या, वडील खिन्न झाले, आणि एवढ्या लांब आणल्याबद्दल आईने त्यांना काही बोलू नये म्हणून मीच मुलीला हाक मारून वाटेच्या कडेला उकिडवे बसविले आणि माझ्या पिशवीतील भिंग तिच्या हाती दिले. पाण्याने थबथबलेल्या त्या वीतभर जागेत सीतेच्या आसवांची जांभळी फुले होती, गेंदाची पांढरी बोंडे होती, आणि त्यांच्या आड दवबिंदूचे एक इवलेसे रोप होते, ज्याच्या तांबूस केसांच्या टोकांवर चिकट थेंब चमकत होते आणि त्यांतील एका थेंबात एक चिलट अडकून अजून पाय हलवीत होते. "हे झाड त्याला खाणार?" तिने विचारले. मी होय म्हणालो, आणि शेजारची सीतेची आसवेही मातीतल्या ओलीत अशीच बारीक जीवांची शिकार करतात, कारण या कातळावर झाडाला पोटभर अन्नच मिळत नाही, हे सांगितले. त्यानंतर पाऊण तास ती मुलगी त्या जागेवरून उठली नाही, आणि शेवटी तिचे वडीलही पत्रक खिशात घालून तिच्याशेजारी बसले. कासचे जे खरे वैभव ते त्या वीतभर जागेत होते, आणि त्या पत्रकातील एकाही चित्रात त्याला स्थान नव्हते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, पर्यटनाच्या पत्रकातील छायाचित्र हे वचन आहे. कादंबरीच्या मुखपृष्ठावर चित्रकाराने काय काढावे याला बंधन नाही. परंतु ज्या चित्राच्या भरवशावर एखादा माणूस महिन्याच्या मिळकतीतून पैसे बाजूला काढतो, रजेचा अर्ज करतो आणि म्हाताऱ्या आईला एस.टी.त बसवितो, त्या चित्राची गणना दस्तऐवजात केली पाहिजे. आणि त्या चित्राखाली राज्याची मुद्रा असेल तर त्याची रुजवात सातबाराच्या उताऱ्याइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी.

हा आग्रह आजचा नाही आणि माझा एकट्याचाही नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामगिरीवर १८४४ साली नेमला गेलेला मद्रास फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल आपणांस ठाऊक असेलच; त्याने वर्षानुवर्षे खपून रंगविलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या, आणि तो स्वतः आपल्या भुसावळच्या मातीत चिरनिद्रा घेत आहे. याच गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला, आणि त्याच्या ७४ छायाचित्रांनिशी जेम्स फर्ग्युसनने आपल्या मुलखातील लेण्यांवरचा ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध केला, तेव्हा ही छायाचित्रे प्रत्यक्ष जागेवर घेतलेली आहेत ही गोष्ट ग्रंथाच्या नावातच नमूद करण्यात आली. तो काळ परकीय सत्तेचा होता, तिचे हेतू सर्वस्वी निर्मळ होते असे मी म्हणत नाही. परंतु चित्र कोणी घेतले आणि कोठे घेतले हे वाचकाला मुखपृष्ठावरच सांगण्याचा जो प्रामाणिकपणा त्या नावात आहे, तो दीडशेहून अधिक वर्षांनंतर आपल्या पत्रकांत शोधूनही सापडू नये, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे, तर तेथील चित्रांविषयीही बोलले पाहिजे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणि ज्याने पत्रकात प्रथम पाहिला, त्याची अशी समजूत होते की भिंती दिव्यांनी उजळलेल्या असतील आणि रंग काल लावल्यासारखे ताजे दिसतील. प्रत्यक्षात उन्हातून आत पाऊल टाकल्यावर क्षणभर काही दिसत नाही. डोळे निवावे लागतात, अंधाराची सवय व्हावी लागते, आणि मग हळूहळू तो खाली झुकलेला चेहरा, हातातले नीलकमल आणि मस्तकावरचा मुकुट एकामागून एक वर येतात. हे थांबणे हाच त्या दर्शनाचा अर्धा आनंद आहे. परंतु त्याची कल्पना आधी कोणी दिलेली नसल्यामुळे माणसे निराश होतात, फ्लॅशला सक्त मनाई असतानाही मोबाइलचा दिवा भिंतीवर टाकतात, आणि पहारेकऱ्याशी हुज्जत घालतात. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न वापरता, लेण्यातील मंद प्रकाशातच या भित्तिचित्रांची छायाचित्रे घेतली आणि ती जगभर नावाजली गेली. तेव्हा अंधाराचा मान राखूनही चित्र घेता येते, हे सिद्ध करावयाचे आता शिल्लक नाही.

लोणार सरोवराचे उदाहरण याहून बोलके आहे. जून २०२० मध्ये त्या सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या विवरातील खारे पाणी गुलाबी झाले. पाणी आटून क्षार वाढल्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्याने ही किमया केली, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. पावसाचे पाणी मिसळले आणि रंग ओसरला. ती घटना विलक्षण होती आणि तिची छायाचित्रे जपून ठेवण्याच्या योग्यतेची आहेत. परंतु ती कोणत्या महिन्याची आणि कोणत्या सालची हे न लिहिता ती छापली, तर हिरवट पाण्याच्या काठी उभा असलेला प्रवासी लोणारलाच खोटे ठरवितो. आमच्या कासच्या टोपली कारवीची अवस्था तीच. ती सात वर्षांनी एकदा भरभरून फुलते, आणि तिचे चित्र दर साली नव्या पत्रकात फुललेले असते. चित्राखाली महिना आणि साल एवढे दोनच शब्द असते, तर दोन्ही ठिकाणची तक्रार जन्मालाच आली नसती.

कोकणच्या समुद्राला मालदीवचा निळा रंग देण्याच्या प्रकाराविषयी मी अधिक लिहीत नाही. आषाढातल्या त्या करड्या, गढूळ, उसळत्या पाण्याचे रौद्र ज्याने एकदा पाहिले, त्याला त्या निळाईची गरज वाटणार नाही.

परक्या मुलखाचे चित्र आपल्या नावावर खपविण्याची मजल आपल्याकडे अद्याप गेली नसेल, तर ती पुढेही न जावी म्हणून दोन दाखले आपल्या कानावर घालतो. कॅनडातील आल्बर्टा प्रांताने २००९ साली आपली कीर्ती वाढविण्यासाठी जी मोहीम काढली, तिच्यात समुद्रकिनाऱ्यावर धावणाऱ्या मुलांचे एक सुरेख छायाचित्र होते. तो किनारा इंग्लंडमधील नॉर्दंबरलंडचा निघाला, आणि आल्बर्टाला तर समुद्रच नाही. फिलिपाइन्सच्या पर्यटन खात्यासाठी २०२३ च्या जून महिन्यात तयार झालेल्या चित्रफितीत इंडोनेशियातील भातखाचरे आणि थायलंडमधील जाळे फेकणारा कोळी आढळला. जाहिरात संस्थेला जाहीर माफी मागावी लागली आणि खात्याने तिच्याशी केलेला करार रद्द केला. या दोन्ही ठिकाणी कोणाचा कपटाचा हेतू होता असे मला वाटत नाही. तयार चित्रांच्या भांडारातून सुंदर दिसले ते उचलले, आणि हे कोठले, असे विचारणारा एकही माणूस कचेरीत नव्हता, एवढ्यानेच अनर्थ झाला. आता तर यंत्राला चार शब्द सांगून न घडलेल्या सूर्योदयाचे आणि न बांधलेल्या बुरुजाचे चित्र क्षणात मिळू लागले आहे. अशा चित्राला राज्याच्या पत्रकात जागा देण्यास आपण मनाईच करावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

यापुढची बाब माणसांची आहे, आणि ती मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. कासच्या अंगाला एका वाडीवर राहणाऱ्या एका वृद्ध गवळी धनगर बाईंचे छायाचित्र अनेक वर्षे एका पत्रकावर छापले जात होते. डोक्यावर पदर, सुरकुत्यांनी भरलेला हसरा चेहरा, मागे धूसर डोंगर. ते त्यांना कोणी कधी दाखविले नव्हते. दोन वर्षांपूर्वी मी ते घेऊन त्यांच्या अंगणात गेलो, तेव्हा त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला, आणि म्हणाल्या, "ह्यो माझाच फोटू हाय. पर म्हस कुठं गेली?" मग उलगडा झाला. ज्या दिवशी ते छायाचित्र घेतले, त्या दिवशी त्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या; छापताना म्हैस कापून टाकण्यात आली होती, आणि नीट पाहिल्यावर चित्राच्या खालच्या कडेला त्यांच्या मनगटापुढचा हात तुटलेला दिसत होता. जिच्या दुधावर त्यांचे घर चालले, जिच्यामागे त्यांनी हे पठार जन्मभर तुडविले, तीच त्या चित्रातून गेली होती, आणि उरला होता तो केवळ पाहुण्यांसाठी हसणारा एक चेहरा. त्यांना राग आला नव्हता. त्यांनी म्हशीचे नाव मला सांगितले आणि ती केव्हा मेली तेही सांगितले. राग मला आला, आणि तो अजून गेलेला नाही.

महोदय, कोळीण असो, वारकरी असो, वारली चित्रे काढणारी बाई असो किंवा गडाच्या पायथ्याशी ताक विकणारे पोर असो, त्यांचे मुख हे सरकारी मिळकतीत जमा होत नाही. छापण्यापूर्वी त्यांना विचारावे, त्यांच्या भाषेत समजावून सांगून संमती घ्यावी, छापल्यावर एक प्रत त्यांच्या घरी पोचवावी, आणि जाहिरातीसाठी उभ्या राहणाऱ्या शहरी तरुणीला जो मोबदला मिळतो त्याच दराने त्यांनाही मिळावा. ही मेहेरबानी नाही, हा हिशेब आहे.

छायाचित्रकारांचीही स्थिती फारशी निराळी नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने छायाचित्राचे कर्तृत्व ते घेणाऱ्याचे मानले आहे आणि आपल्या कृतीवर नाव असण्याचा त्याचा अधिकारही मान्य केला आहे. तरीही स्पर्धेच्या नावाखाली होतकरू पोरांकडून चित्रे मागवावयाची, नियमांच्या बारीक अक्षरांत त्यांचे सारे हक्क लिहून घ्यावयाचे आणि पुढे ती नावावाचून वाटेल तेथे छापावयाची, हा प्रकार सर्रास चालतो. जो मुलगा पहाटे चार वाजता राजगड चढून गेला, त्याचे नाव चित्राखाली घालण्यास अर्ध्या ओळीचीही जागा लागत नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण पाहता पाहता वाहून गेले. त्या दुर्दैवी कुटुंबाने कोणती चित्रे पाहिली होती हे मला ठाऊक नाही, आणि त्यांच्या दुःखाचा मी दाखला म्हणून उपयोग करू इच्छीत नाही. परंतु पावसाळी सहलींच्या जाहिरातींत प्रवाहाच्या मध्यभागी, कड्याच्या टोकावर, पाण्याच्या लोंढ्याकडे पाठ करून उभी असलेली हसरी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत, आणि चित्र जे दाखविते तेच करण्याची मुभा आहे असे सामान्य माणूस समजतो, हा माझ्या धंद्यातील रोजचा अनुभव आहे. लग्नाच्या जोडप्यांना मी कसे उभे करू असे विचारले, तर ती मोबाइलवरचे चित्र दाखवितात. तेव्हा धबधबा दाखवावयाचा असेल तर तो काठावरून, सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने दाखवावा, आणि ज्या चित्रातील कृती करण्यास जिल्हाधिकाऱ्यांची बंदी आहे ते चित्र कितीही देखणे असले तरी नामंजूर करावे.

आपले सल्लागार म्हणतील की, जाहिरातीने भुलविले नाही तर माणूस घराबाहेर पडणार कसा, आणि धुक्यातला ओला कातळ पाहून पैसे कोण खर्च करील. या आक्षेपाचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे उत्तर त्या बीडच्या मुलीने दिले आहे, असे मला वाटते. कारण पत्रकातील समुद्राने तिला कासला आणले हे खरे, पण पाऊण तास बसविले ते दवबिंदूने, आणि जाताना तिने वडिलांकडून कबूल करून घेतले ते पुढच्या साली पुन्हा येण्याचे. फसलेला माणूस एकदाच येतो आणि गावभर सांगतो. आपल्या राज्याजवळ खरे दाखविण्यासारखे इतके आहे की, खोट्याचा आधार घेण्याची वेळ आपणांवर येऊ नये.

सबब विनंती अशी की, येत्या हंगामाच्या पत्रकांपासून प्रत्येक छायाचित्राखाली ठिकाण, महिना, साल आणि छायाचित्रकाराचे नाव छापण्याचा हुकूम आपण द्यावा. चित्रांच्या निवडीसाठी जी समिती नेमाल तिच्यात त्या त्या गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा किंवा ग्रामपंचायतीचा एक माणूस असावा, कारण हे आमच्या गावचे नाही, हे सांगण्याचा अधिकार त्याचा आहे. आणि ही तजवीज खात्याबरोबरच खात्याकडे नोंदलेल्या खाजगी सहलसंस्थांनाही लागू करावी.

त्या मुलीचे एक छायाचित्र मी वडिलांच्या परवानगीने घेतले आहे. ती वाटेवर उकिडवी बसली आहे, भिंग डोळ्याशी आहे, आजीची छत्री अर्धी चित्रात आली आहे आणि मागे धुक्यावाचून काही दिसत नाही. पाठीमागे ठिकाण, महिना, साल आणि माझे नाव लिहिलेले आहे. खात्यास ते हवे असल्यास मी विनामूल्य देईन. मात्र छापण्यापूर्वी तिच्या वडिलांची संमती खात्याने स्वतः नव्याने घ्यावी आणि छापल्यावर एक प्रत त्यांच्या पत्त्यावर पाठवावी.



आपला विनीत,
एक सातारकर छायाचित्रकार